तुम्ही विचारलंत म्हणून: क्वाड का दिले?

"तसे क्वाड हातचे घालवून हे खोकेवाले स्पीकर का घेतलेत?" घरी गाणं ऐकायला येणारा जवळपास प्रत्येक जण हे विचारतो, आणि विचारताना चेहरा असा की मी घरातलं देवघरच मोडीत काढलंय. म्हणून एकदाच सांगतो.

ते होते क्वाड या ब्रिटिश कंपनीच्या पीटर वॉकरचे १९५७चे इलेक्ट्रोस्टॅटिक, म्हणजे विजेच्या भाराने फिल्म हलवून आवाज काढणारे स्पीकर. दोन छिद्रांच्या पत्र्यांमध्ये ताणलेली अतिपातळ फिल्म, खर्जाच्या पॅनलवर सुमारे ६,००० व्होल्ट. ती सगळीच्या सगळी हलते, म्हणून तानपुऱ्याची जवारी त्यावर जशी खुलायची तशी मी पुन्हा कुठे ऐकलेली नाही. हे मी कधीच नाकारलेलं नाही.

पण दादरचं घर. हे स्पीकर पुढे जेवढे वाजतात तेवढेच मागेही, भिंतीला चिकटवले की आवाज गढूळ. रोज संध्याकाळी कॉट सरकवून ते पुढे ओढायचे. ते मी आनंदाने केलं.

मग जुलैतली ती रात्र. बाहेर संततधार, आई कॉटवर पडून ऐकत होती, विलंबित ख्याल रंगात आलेला. डाव्या बाजूने बारीक फुसफुस सुरू झाली. रेकॉर्डची असेल म्हणून सुई उचलली, तरी फुसफुस चालूच. दिवा मालवला. जाळीमागे निळसर ठिणगी, पाठोपाठ 'चट्'. वीज कडाडल्यावर येतो तसा उग्र वास खोलीभर. "बंद कर रे आधी!" आई उठून बसली. प्लग काढला, पण आतलं व्होल्टेज लगेच उतरत नाही, म्हणून मागचं झाकण उघडायला हात धजेना. गाणं तिथेच थांबलं. आईने त्या स्पीकरांजवळ बसणं नंतर टाळलंच.

लॅमिंग्टन रोडच्या कारागिराने सांगितलं, दमट हवेत फिल्मवरचा विजेचा भार गळतो, धूळही फिल्म ओढून घेते. पॅनल नवं करा आणि पावसाळाभर एसी लावून ठेवा. आईचे गुडघे एसीत धरतात. यावर "पण तो आवाज..." म्हणणाऱ्यांनी सांगावं, मी काय करायचं होतं?

आताचे स्पीकर साधे: शंकू, कॉइल, चुंबक. पावसाळ्यात बिनतक्रार वाजतात, आणि डग्ग्याची घुमक यांच्यात जास्त भरीव आहे. ऐन तिशीतला मी म्हणायचो, खोक्यातून येतो तो खोक्याचाच आवाज. आजची चांगली खोकी तेवढी बोलत नाहीत, हे त्याला सांगून पाहतो. तो म्हणतो, तानपुरा लाव. लावतो, आणि पुढे मला बोलता येत नाही.

क्वाड सोलापूरच्या मित्राकडे आहेत. तिथली हवा कोरडी, वाड्यातली खोली ऐसपैस. पॅनल त्याने नवी करून घेतलीत. परत हवेत का, असं तो दर दिवाळीला विचारतो. मी अजून नाही म्हटलेलं नाही.