पुनरुत्थानानंतर आपण एकमेकांचे कोण?

यांनी ते इतक्या शांतपणे म्हटले, हेच मला टोचते आहे. रात्रीच्या प्रार्थनेआधी मत्तयाचा 22वा अध्याय वाचून झाला, मेलेले पुन्हा उठतील तेव्हा लग्न नसेल असे येशू सांगतो तो; यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "म्हणजे तिथे आपण नवरा-बायको नसू." मी आमेन म्हटले, पण झोप लागली नाही.

शिकवण मला नवीन नाही. मरण येईपर्यंत एकमेकांना धरून राहू, अशीच शपथ आम्ही वेदीसमोर घेतली; नवरा वारल्यावर बायको त्या बंधनातून मुक्त होते, असे प्रेषित पौलही करिंथच्या ख्रिस्ती लोकांना स्पष्ट लिहितो. पण मला मुक्त व्हायचे नाही. इतक्या वर्षांचा संसार, ती आजारपणे, आणि आता यांची ही तपासणी. या सगळ्याचा तिथे काहीच मागमूस राहणार नसेल, तर मी हे जपले तरी कशासाठी? मुलांना अजून सांगितलेले नाही, पण तो विषय आज नको.

पहाटे तोच प्रसंग लूकच्या शुभवर्तमानात काढून वाचला. सात भावांची एकामागून एक बायको झालेली ती स्त्री पुनरुत्थानात कोणाची, हा प्रश्न पुनरुत्थानच न मानणाऱ्या सदूकी या यहुदी पंथाच्या लोकांनी येशूला पेचात पकडण्यासाठी विचारला होता; तिला स्वतःला काय हवे होते, हे कोणी विचारलेच नाही. मेलेल्या भावाचा वंश चालावा म्हणून मोशेच्या नियमशास्त्राने तिला एका भावाकडून दुसऱ्याकडे सोपवले. प्रभूचे उत्तर असे की त्या युगात मरणच नाही, म्हणून लग्नही नाही, आणि तिथे पोहोचलेले सगळे देवाची लेकरे आहेत. म्हणजे ती त्या सातांपैकी कोणाचीच नाही, देवाची आहे. आजवर हा उतारा मी काहीतरी हिरावून घेणारा म्हणूनच वाचत आले होते.

चौथ्या शतकात संत योहान क्रिसोस्तोम यांनी एका तरुण विधवेला पत्र लिहिले होते. तिचा संसार जेमतेम पाच वर्षांचा. पतीची आणि तुझी पुन्हा भेट होईल आणि तो सहवास कधी संपणार नाही, असा धीर त्यांनी तिला दिला. मात्र ते मीलन विवाहाचे नव्हे, त्याहून श्रेष्ठ, आत्म्याचे आत्म्याशी असेल, असेही बजावले. माझे मन अजून विवाहापाशीच अडते. अडू दे, तेवढे देव समजून घेईल.

पेत्र पती-पत्नींना जीवनाच्या कृपेचे सहवारस म्हणतो, आणि आज मला तेच धरून राहावेसे वाटते. हे माझे असण्याआधी देवाचे आहेत आणि माझ्या हाती काही काळापुरते सोपवलेले आहेत. ज्यांना एक दिवस देवाच्या स्वाधीन करायचे, त्यांच्याशी सकाळी औषध देताना तुटकपणे बोलणे मला परवडणारे नाही. काळ थोडा उरला आहे असे पौल लिहितो, आणि डॉक्टरही काही वेगळे सांगत नाहीत.