मूठभर बोरं

नायनायने (बीजिंगमध्ये आजीला असंच म्हणतात) आज जे उत्तर दिलं ते डोक्यातून जातच नाहीये. रागावून दिलं असतं तर बरं, हसत दिलं म्हणून जास्त लागलं.

झालं एवढंच, संध्याकाळी नेहमीसारखी दोंगसच्या हुतोंगमधून, म्हणजे तिथल्या जुन्या गल्लीतून, येत होते, ती दारातल्या दगडी ढोलाशेजारी स्टूल टाकून शेंगा मोडत बसलेली. म्हणाली, थंडी पडायच्या आत चाललो आम्ही, मुलाकडे, पाचव्या रिंगरोडच्या बाहेर, अकराव्या मजल्यावर. माझ्या तोंडून गेलं, असलं घर सोडून कुणी जातं का हो! तर म्हणाली, "जानेवारीत रात्री दोनला कोट चढवून गल्लीच्या टोकाला संडासला जाऊन बघ, मग सांग मला."

मी गप्पच.

पाच वर्षं फोटो काढतेय, आईला व्हिडिओ कॉलवर दाखवतेय की बघ, आपल्या वाड्यासारखाच चौक, चारी बाजूंनी खोल्या, मुख्य घर उत्तरेला आणि तोंड दक्षिणेला म्हणजे हिवाळ्यातलं ऊन थेट आत, दारातून शिरलं की समोर आडवी भिंत, रस्त्यावरच्याची नजर घरात जायला नको म्हणून. सगळं पाठ. पण तिच्या चौकात चौक उरलाय कुठे? एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात आठ बिऱ्हाडं, १९७६ च्या तांगशानच्या भूकंपात लोकांनी घाबरून अंगणात शेड टाकल्या, त्यांचीच पुढे स्वयंपाकघरं झाली, आता सायकल आत नेताना हँडल भिंतीला घासतं. आणि संडास एकाही बिऱ्हाडात नाही. माहीत होतं मला हे. तरी बोलले.

आमचा वाडा बिल्डरला दिला तेव्हा आई नव्या ओट्यावरून हात फिरवत होती आणि मी दोन दिवस तिच्याशी... जाऊ दे.

मग घरी येऊन स्वतःचीच बाजू घेत बसले. वाईट वाटलं तर काय चुकलं? लिआंग सचंग आणि लिन हुईइन हे वास्तुतज्ज्ञ जोडपं, ज्यांनी देशभर फिरून जुन्या इमारती मोजल्या, बीजिंग वाचवायला धडपडले, त्यांचं राहतं घर बेइचुंगपू हुतोंगमधलं, तेही पाडल्याची बातमी २०१२ मध्ये आली. त्यांचं राहिलं नाही तिथे बाकीच्यांचं काय. पण हे मी नायनायला सांगणार? गुडघे धरून त्या उंच उंबऱ्यावरून पाय टाकणाऱ्या बाईला?

खरं तर मला तिच्या घराचं वाईट वाटतंय की माझ्या रस्त्याचं, तेच कळत नाहीये. रोज "जेवलीस का" विचारते ती, इथेही भेटल्यावर तेच विचारतात, आपल्यासारखं. आता कोण विचारणार.

तिने छान घासावं नवीन बाथरूम, गरम पाण्याने. मनापासून वाटतंय आता.

निघताना अंगणातल्या झाडाची मूठभर बोरं ओंजळीत घातली तिने. मोठी, अर्धी हिरवी अर्धी तांबूस, चावली की कुरकुरीत. झाडाचं काय होणार हे विचारलं नाही मी. उद्या पॅकिंगला येऊ का विचारते, माळ्यावर खोके पडलेत आपले.