तुम्ही विचारलंत म्हणून : पगार आहे, मग ज्यादा तासांचे पैसे कशाला?

"सातवा वेतन आयोग घेतेस, सुट्ट्या घेतेस, अन् वर तासाचे पैसे पण मागालीस?" शाळेपासूनची मैत्रीण भर पंगतीत विचारते. स्टाफरूममध्ये हाच प्रश्न इस्त्री करून येतो : "मॅडम, संस्थेसाठी एवढं करायला काय हरकत आहे?"

मी सोलापुरात कॉमर्स शिकवते, तेव्हा आधी हिशेब. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास वर्गात शिकवायचं. सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांनी १४. आमची तासिका ४८ मिनिटांची, म्हणजे माझ्या १६ घड्याळी तासांच्या २० तासिका होतात. पगार या कामाचा. आमचं सकाळचं एम.कॉम. मात्र विनाअनुदानित. त्याला शासनाचं पद नाही, पगारही नाही. तिथे शिकवलं तर त्याचं मानधन पोरांच्या फीमधून निघतं. हे मला बोचतं, नाही असं नाही. त्या वर्गातली एक मुलगी कुंभारीच्या विडी घरकुलातून, विडी कामगारांच्या वसाहतीतून येते. तिची फी कशी जमते ते मला कुणी सांगायला नको.

कारण माझी अम्माही विड्याच वळायची. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, आणि दोन्हीकडे तंबाखूचा वास. रात्री पानं भिजवायची, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, पहाटे पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीने कापायची. मग मांडीवर सूप घेऊन वळणं सुरू. मजुरी हजार विड्यांमागे. भिजवणं, कापणं, मोडकी पानं निवडणं यांचा हिशेब कुठेच नाही. कारखान्यात नेल्यावर तपासनीस मूठभर विड्या बाजूला काढायचा, ती छाट. तिचे पैसे नाहीत, आणि विड्याही परत नाहीत.

कॉस्टिंगचा, म्हणजे उत्पादनखर्चाच्या हिशेबाचा, एक तास उभा करायला मला घरी दोन तास लागतात. ते कुठल्याच बिलात नसतात आणि मी ते मागतही नाही. पहिल्यांदा ज्यादा तासांचं बिल लावलं तेव्हा कार्यालयातून शेरा आला : 'दर घड्याळी तासाचा आहे.' माझ्या ३० तासिकांचे त्यांनी २४ तास केले. गणित बरोबर होतं, त्यामुळे भांडताही येईना. घरी सांगितलं तर अम्मा म्हणाली, "छाट काढली म्हण की."

पण पैसे मागायला लागले ते तासिकेमागच्या या बारा मिनिटांमुळे नाही. त्याआधी दोन वर्षं मी फुकट शिकवलं होतं.

आमच्या विभागातले ज्येष्ठ सर निवृत्त झाले. जागा भरली जाईना. कॉलेजचं नाव सांगत नाही, आणि तुमच्याही कॉलेजात हेच झालं असेल तर सांगायची गरजही नाही. प्राचार्य म्हणाले, "तुम्ही घरच्याच आहात, सांभाळून घ्या." घरचं म्हटलं की बाईमाणसाला नाही म्हणता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आठवड्याला सहा तासिका जास्त घेतल्या. वेळापत्रकात त्या माझ्या वीसच्या वर दाखवता येईनात, म्हणून 'जादा मार्गदर्शन' या नावाखाली पडल्या. पुढे पदांसाठी कार्यभाराचा, म्हणजे कुठे किती तास शिकवायचे आहेत याचा, तक्ता निघाला, तर त्यात मार्गदर्शनाला रकानाच नव्हता. एका पूर्ण पदाला कार्यभार कमी भरला. उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयातले गृहस्थ वाईट नव्हते. ते एवढंच म्हणाले, "मॅडम, तुमचं तर चाललंय की." दोन वर्षं मी मोठ्या मनाने एक नोकरी पुसत होते, आणि वर सत्काराची शालही घेतली होती.

तेव्हापासून जो तास जास्त, त्याची नोंद वेगळ्या वहीत. तारीख, तासिका क्रमांक, शिकवलेला भाग, हजेरी, सही. आणि महिन्याअखेरीला बिल. रक्कम फुटकळ असली तरी तास कागदावर राहतो, आणि कार्यालयाला कागदच दिसतो.

आता यातला खरा अवघड प्रश्न. तो मैत्रिणीचा नाही, प्राचार्यांचाही नाही. आमच्याकडे तासिका तत्त्वावर (पगार नाही, फक्त तासाचे पैसे) असलेल्या एका मुलाने तो विचारला. मुलगा म्हणते, पण प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, सेट, पास झालेला आहे, दोन लेकरांचा बाप आहे. "मॅडम, ते तास मला का नाही मिळत?"

या मंडळींचं गणित ऐका. यूजीसीने २०१९मध्ये अतिथी प्राध्यापकाला व्याख्यानामागे १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असा दर ठरवला. आपल्या राज्यात पदवीच्या तासाला ६२५ होते, ते २०२३मध्ये ९०० झाले. त्यातही एका रिकाम्या पदाचे तास दोघांत वाटलेले. शिकवलं तर पैसे. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेला कॉलेज बंद, की यांचं मीटर बंद. मे महिन्यात तर विचारूच नका. आणि बिल सहा-सहा महिने फिरतं. माझा पगार मात्र गड्ड्यातही चालू आणि मेमध्येही.

त्याला मी तेव्हा काहीतरी थातूरमातूर उत्तर दिलं : अनुभव, विषय, वगैरे. रात्री माझं मलाच ते पटेना. हक्काने लावलेलं बिल मला बरोबरच वाटत होतं, आणि ते त्याच्या ताटातून उचललेलं होतं हेही खरं होतं.

यंदा जूनमध्ये दोन गोष्टी केल्या. मागच्या तीन वर्षांची वही आणि बिलांच्या प्रती कार्यभाराच्या प्रस्तावाला जोडून द्यायला लावल्या. आणि कॉस्टिंगचे ज्यादा तास त्याच्या नावावर घालायला सांगितले. प्राचार्यांनी विचारलं, "तुमचं नुकसान नाही का?" म्हटलं, आहे. मैत्रिणीला कळवलं, तर ती म्हणाली, "मग आधी मागालीस कशाला होतीस?"

पदाचा प्रस्ताव अजून वरच आहे. माझं ज्यादा तासांचं बिल बंद झालं. त्याचं जुलैचं अजून यायचंय.