व्हाउचर मिळाले, घर मिळेना
न्यू जर्सीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंना अनेक वर्षे प्रतीक्षायादीत काढल्यावर ‘सेक्शन 8’ या अमेरिकी सरकारच्या घरभाडे-मदत योजनेचे व्हाउचर मिळाले, तेव्हा आम्ही पेढे वाटले, खरी पायपीट पुढेच आहे, हे कोणाच्या ध्यानीही आले नाही. 1974 च्या कायद्यातून आलेल्या या योजनेत भाडेकरू ढोबळमानाने आपल्या उत्पन्नाच्या 30 टक्के रक्कम भरतो आणि उरलेले भाडे स्थानिक गृहनिर्माण प्राधिकरण थेट घरमालकाला देते. मात्र घर भाडेकरूनेच शोधायचे असते, आणि काकूंच्या कागदावर त्यासाठी 60 दिवसांची मुदत होती.

फोनवर मी ‘व्हाउचर’ म्हटले की ते घर ‘कालच गेलेले’ असायचे. केवळ व्हाउचर आहे म्हणून भाडेकरूला नाकारणे या राज्यात बेकायदा आहे, पण ‘कालच गेले’ या उत्तरावर बोट कसे ठेवणार? शेवटी मोठ्या संकुलांचा नाद सोडून मी एकदोन घरे भाड्याने देणाऱ्या मालकांकडे वळलो. त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांना व्हाउचरवर घर देण्याआधी होणाऱ्या सरकारी तपासणीची धास्ती होती. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आम्ही मंजुरीचा अर्ज ओळीओळीने भरला, आणि दरमहा भाड्याचा मोठा हिस्सा प्राधिकरणाकडून येणार हे कळल्यावर त्यांचा चेहरा जरा सैलावला. तपासणीत जिन्याजवळचा स्मोक अलार्म मुका निघाला. बॅटरी बदलली, फेरतपासणी झाली, आणि काकूंनी भाडेकरारावर सही केली, तीही मराठीत.