घाट कागदावर बसवताना

वाईच्या घाटावर निसर्गचित्र काढायला बसलेल्यांच्या कागदावर पहिली रेघ बहुतेक वेळा ढोल्या गणपतीच्या शिखराची असते. शिखर छान उतरतं, मग पायऱ्यांना कागदच उरत नाही. मोठे आकार कुठे बसणार हे ठरायच्या आत बारीक काम सुरू झालं, की असंच होतं.

पाव इम्पीरियल, म्हणजे 28 × 38 सेंमी कागद असेल, तर आधी वहीत 5.5 × 7.5 सेंमीच्या तीन-चार चौकटी आखा. प्रमाण तेच हवं, नाहीतर मोठं करताना सगळं विस्कटतं. डोळे किलकिले करून फोर बी, म्हणजे मऊ आणि गडद उमटणाऱ्या पेन्सिलीनं तीनच छटा भरा: कोरा कागद, मधली, गडद. कमानी, खिडक्या नकोत. एका चौकटीला पाच मिनिटं पुष्कळ झाली. मोबाइलच्या फोटोवरून ही चौकट काढू नका. त्यात पुढची फरशी उगाच पसरते आणि देऊळ बारकं होतं.

समोरच्या काठावरून नदी घेतली, की हमखास फसगत होते. आडव्या कागदावर पाण्याची कड बरोबर मध्ये, 14 सेंमीवर येते, वर देऊळ, खाली तेवढंच प्रतिबिंब, कागदाचे दोन सारखे तुकडे. कड खालून 8-9 सेंमीवर आणा. प्रतिबिंब तळाशी कापलं गेलं तरी बिघडत नाही. शिखराचा मध्य डावीकडून 12-13 सेंमीवर घ्या. उजवीकडचा मोकळेपणा भरायची घाई नको. कडेजवळ लहानसा गडद आकार पुरतो, कारण मध्यापासून लांब गेलेला आकार जास्त जड वाटतो. मिलिमीटर मोजू नका, मध्य टळला म्हणजे झालं.

1762 साली सरदार रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे, पुराचं पाणी कापायला. अगदी समोरून बघितलं तर ती दिसतच नाही आणि देऊळ सपाट होतं. तिरकं बसा, भिंतीची तिरपी रेघ नजर आत नेते.

कळस मागच्या डोंगराच्या रेषेला नेमका टेकला तर दोन्ही एकाच पातळीवर चिकटल्यासारखे दिसतात. कळस रेषेच्या चांगला वर न्या, नाहीतर बराच खाली ठेवा. डोंगर सरकवायला कुणाची परवानगी लागत नाही.

पायऱ्या सगळ्या काढायच्याच नाहीत. आडव्या समांतर रेघा नजरेला कागदाबाहेर घेऊन जातात. उजेडातल्या तीन-चार स्पष्ट ठेवा, बाकीच्या सावलीत विरघळू द्या आणि धुणं धुणारी एखादी बाई किंवा तिरकी सावली घालून ती ओळ मोडा. सावल्यांच्या कडा सुरुवातीलाच पेन्सिलीनं पक्क्या करा. तासाभरात त्या सरकतात आणि त्यांच्या मागे धावलं तर एकाच चित्रात दोन सूर्य येतात.

सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद जिथे शेजारी येतात, तिथेच बघणारा थांबतो. ती जागा कोपऱ्यात पडली तर शिखर कितीही कोरून काढा, कोपराच दिसणार. याचा सराव सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात छान होतो. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. दागिने, जरीकाम सोडून द्या आणि उजळ चेहऱ्यामागे गडद कुठे ठेवलाय तेवढंच त्या तीन छटांत उतरवा.