मास्टच्या वायरी बदलल्या, आणि टोकांचा घोळ

आमची होडी म्हणजे जुनी प्लायवूडची एंटरप्राइज. मुंबईहून सेकंडहँड आणलेली, आधीचं सगळं आयुष्य खाऱ्या पाण्यात काढलेलं, आता कण्हेर धरणाच्या बाजूला तात्यांच्या गोठ्याशेजारी पत्र्याच्या शेडमधे असते. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, जॅक होल्ट या इंग्रज डिझायनरनं १९५६ मधे काढलेलं डिझाइन, लांबी ४.०४ मीटर, दोन माणसांची, निळी शिडं. आपल्याकडच्या सेलिंग क्लबांत ही बरीच दिसते. साताऱ्यात अर्थातच दिसत नाही, त्यामुळं रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबून "मासे धरायला का?" विचारून जातो. धरणावर बोट घालायच्या परवानग्या वगैरे वेगळा विषय, त्यात आज शिरत नाही.

यंदा मास्टला, म्हणजे शिडाच्या खांबाला, उभं धरून ठेवणाऱ्या सगळ्या वायरी बदलल्या. दोन बाजूंनी धरणारे दोन श्राउड, पुढनं धरणारा फोरस्टे, आणि सोबत जिबचा (पुढच्या लहान शिडाचा) हॅलयार्ड, म्हणजे शीड वर ओढायची वायर. हॅलयार्ड या यादीत कसा आला ते पुढं सांगतो.

झालं असं की मी सीझनच्या आधी सुती फडकं घेऊन वायरी वरपासून खालपर्यंत पुसतो, चकाकी यावी म्हणून नाही तर फडकं कुठं अडकतंय का ते बघायला. डाव्या श्राउडच्या अगदी खालच्या टोकाला, जिथं वायर थिंबलला (धातूच्या कड्याला) वळसा घालून फेरूलमधे (दाबून बसवलेल्या धातूच्या नळीत) परत शिरते तिथं, धागा अडकला. चष्मा लावून बघितलं तर १९ तारांतली एक तुटून बाहेर आलेली आणि फेरूलच्या तोंडाशी तपकिरी डाग. वरची सगळी वायर मात्र नव्यासारखी. तात्या म्हणले, "आरं एकच तुटलीय, अजून अठरा हायती की." हिशेब बरोबर आहे, पण त्या अठरांनी पण तेवढाच मार खाल्लाय ना.

वायर मधे सहसा तुटत नाही, टोकाला तुटते. फेरूल कडक, वायर लवचिक, त्यामुळं जेवढं काय वाकणं-हलणं आहे ते सगळं त्या एका जागेवर येतं. वाऱ्याकडचा श्राउड ताणलेला आणि पलीकडचा ढिला, तो ढिला असलेला सारखा हलत राहतो, टॅक मारला, म्हणजे बोट वळवून वारा दुसऱ्या बाजूला घेतला, की बरोबर उलटं, असं वर्षानुवर्षं. त्यात फेरूलच्या आत पाणी मुरून बसतं. स्टेनलेसचा गंज न लागणारा पापुद्रा टिकायला हवा लागते आणि तिथं हवाच पोचत नाही, खारं पाणी असेल तर आतून खड्डे पडत जातात. ३१६ ग्रेडमधे मॉलिब्डेनम असतं म्हणून तो ३०४ पेक्षा जास्त दम काढतो, पण बंद फटीत तोसुद्धा सडतो. कण्हेरचं पाणी वेण्णेचं, गोडं, म्हणून मी निवांत होतो असं नाही, मुंबईचं मीठ आत असणारच हे धरून चाललो होतो. नंतर जुनं फेरूल हॅकसॉनं उभं चिरलं तर आत तपकिरी भुकटी आणि अजून दोन तारा तुटलेल्या, ज्या बाहेरून कुणाला जन्मात दिसल्या नसत्या.

आता हे एवढं मनावर का घ्यायचं, तर वायरीचा कोन बघा. माझ्या बोटीवर चेनप्लेट (श्राउडचं खालचं टोक बोटीला जिथं अडकतं तो धातूचा तुकडा) मास्टपासून साधारण पाऊण मीटर बाहेर आहे आणि वायर चार मीटरच्या आसपास वर जाते. म्हणजे शिडानं वर मास्टला २० किलोनं बाजूला ढकललं तर श्राउडमधे १०० किलोच्या वर ताण येतो. ३ मिमीची एक बाय एकोणीस (एकोणीस तारांचा एकच पीळ) वायर नवी असताना सातशे किलोच्या आसपास तुटते, त्यामुळं आकडा वाचून भरपूर वाटतं, पण कण्हेरवर वारा डोंगरातनं येतो, एप्रिल-मे मधे दुपारनंतर पश्चिमेकडनं सुटला की त्याचे झटके कुठनं येतील सांगता येत नाही, आणि झटक्याचा हिशेब वेगळा असतो.

मग वायर शोधायला निघालो. एमआयडीसीतल्या वायर रोपवाल्यानं पहिल्यांदा विचारलं, "साहेब, हॉइस्ट कितीचा आहे?" त्याच्याकडं गॅल्व्हनाइज्ड रोप, आत तागाचा गाभा, ग्रीसनं भरलेला, क्रेनला एक नंबर पण आपल्या कामाचा नाही कारण तो ताणला की लांबतो. स्टेनलेस ३ मिमी पण मिळतो, हल्ली बंगल्यांच्या रेलिंगला लावतात ना तो, पण बरेचदा ३०४ असतो आणि सात बाय सात विणीचा, म्हणजे सात-सात तारांचे सात पेड, असतो, म्हणून मऊ. स्टेला, म्हणजे मास्ट धरणाऱ्या वायरीला, एक बाय एकोणीसच पाहिजे, कडक असतो, वळवायला त्रास देतो, पण लांबत नाही. तोही पुण्या-मुंबईकडनं मागवला तर येतो हो. अडतं ते टोकाला. टोक कोण करणार?

पहिला सल्ला आला यू क्लॅम्पचा. तीन क्लॅम्प मारा, विषय संपला. दोरीच्या जाडीच्या रोपला ठीक आहे, बारीक कडक वायरीला क्लॅम्प चिरडतो, आणि वर नट-बोल्ट बाहेर आलेले, शीड फाटायची सोयच. दुसरा सल्ला जरा विचार करायला लावणारा होता. जेसीबीचे हायड्रॉलिक पाइप जिथं क्रिंप करून मिळतात त्या दुकानातला पोरगा म्हणला, "दादा, माझं मशीन पाइपावर पक्कड मारतं तर तुमची तार काय चीज आहे." मशीन खरंच दणकट होतं. पण त्याच्या डाय गोल, चहूबाजूंनी सारख्या आत येणाऱ्या, पाइपाच्या मापाच्या, आणि आपलं फेरूल अंडाकृती, ते ठरलेल्या मापाच्या डायमधेच दाबून गोल व्हायला लागतं. शिवाय त्याच्याकडचे फेरूल ॲल्युमिनियमचे. स्टेनलेस वायरीवर तांब्याचंच फेरूल बसवतात, ॲल्युमिनियम स्टेनलेसला चिकटून ओलं राहिलं की पांढरी पूड होऊन खलास होतं. पोरगा हौशी होता, करून बघू म्हणत होता, पण हे बघायचं म्हणजे मास्ट बायकोच्या डोक्यावर पडतोय का ते बघायचं, कारण पुढं क्रू म्हणून तीच बसते. त्यामुळं मुंबईच्या रिगरकडनं (बोटींच्या वायरी-दोऱ्यांचं काम करणाऱ्याकडनं) माप देऊन पक्क्या टोकांच्या तयार वायरी मागवल्या. पैसे जास्त गेले, पटले.

माप देताना मात्र जीव ओतायला लागतो. जुनी वायर वेटोळं करून जमिनीवर टाकून मोजायची नाही. मी शेडच्या दोन खांबांत ती ताणली, एका टोकाला लगेजचा वजनकाटा अडकवून ओढ दिली, आणि पिन जिथं टेकते त्या बिंदूपासून दुसऱ्या टोकाच्या तसल्याच बिंदूपर्यंत स्टीलच्या टेपनं मोजलं. दोन्ही श्राउड एकसारखे नव्हतेच, डावा थोडा लांब निघाला, तुटलेल्या तारांचीच कृपा असावी. नव्या वायरी उजव्याच्या मापानं केल्या. दोन-चार मिमीचा फरक खालच्या भोकांच्या पट्टीत जिरतो, त्यापेक्षा जास्त असेल तर मास्ट एका बाजूला कललेला राहतो.

आता जिबचा हॅलयार्ड. या बोटीत जिबच्या पुढच्या कडेला आतून वायर असते, जिब चढवून हॅलयार्ड ताणला की सगळा भार त्या वायरीवर येतो आणि फोरस्टे ढिला पडून नुसता लोंबतो. म्हणजे चालत्या बोटीत मास्टला पुढनं धरून ठेवणारी गोष्ट आहे हॅलयार्ड. लोक श्राउड आणि फोरस्टे बदलून हात झटकतात, आणि जी वायर खरोखर काम करते ती जुनीच राहते, हे मला कधीच कळलं नाही. ही वायर पुलीवरनं वळते म्हणून सात बाय एकोणीस, बारीक तारांची, मऊ घ्यायची. वरची पुली पण फिरवून बघा, माझी एका जागी अडकून सपाट झाली होती, नवी वायर तिनं सहज खाल्ली असती, म्हणून ती पण बदलली.

चेनप्लेटचे बोल्ट काढून बघितले, प्लायवूडमधे स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला, घट्ट आहे. पिना नव्या, रिंगांवर टेप.

मास्ट उभा केल्यावर मेनच्या (मोठ्या शिडाच्या) हॅलयार्डला मोजायची टेप बांधून वर चढवली, दोन्ही चेनप्लेटपर्यंत माप सारखं आलं, मागं ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या सपाट फळीच्या) मधोमध जुन्या नोंदीएवढं. पहिल्या दिवशी मुद्दाम हलक्या वाऱ्यात गेलो, परत येऊन सगळं पुन्हा ताणलं, कारण नव्या वायरी थोड्या बसतात. पलीकडचा श्राउड वाऱ्यात किंचित ढिला पडतोय, तेवढा पडायला पाहिजे.

जुन्या वायरी तात्यांनी कपडे वाळत घालायला मागून घेतल्या, टोकं कापून दिली. सातारा-सांगलीच्या एमआयडीसीत कुणाकडं ३ मिमीची, तांब्याचं फेरूल दाबणारी हातप्रेस असेल तर मला पत्ता पाहिजे, पुढच्या खेपेला मुंबईपर्यंत पळायचं नाहीये.