१०० मीटर जाळी आणि अपुरी पडणारी भिंत

१०० मीटर जाळीत जास्तीत जास्त जागा कशी कुंपणात घ्यायची, हा प्रश्न. चारही बाजूंनी कुंपण घालायचं असेल तर हिशेब लगेच संपतो: २५ मीटरचा चौरस, ६२५ चौरस मीटर. वर्तुळात ७९५ बसतात, पण ताणलेली जाळी गोलाईवरचे खांब आत ओढते, म्हणून मी तो विचार सोडला.

एका बाजूला भिंत असेल तर भिंतीपासून निघणारी बाजू क्ष आणि समोरची १०० − २क्ष. क्ष शून्य किंवा ५० असताना क्षेत्रफळ शून्य, म्हणजे सर्वांत मोठं बरोबर मध्यावर, २५ ला. समोरची बाजू ५०, क्षेत्रफळ १२५०.

मी अडकलो ते इथेच. भिंत ३० मीटरच होती. पुस्तकी उदाहरणं भिंत हवी तेवढी लांब धरतात आणि तसं सांगतही नाहीत, याचा राग अजून गेलेला नाही. मग वाटतं, भिंत संपते तिथेच थांबावं: ३० बाय ३५, १०५० चौरस मीटर. हे उत्तर चूक आहे. भिंतीच्या पुढेही जाता येतं, फक्त वाढीव भागाला मागूनही जाळी लागते. समोरची बाजू ल धरली, तर २क्ष + ल + (ल − ३०) = १००, म्हणजे क्ष + ल = ६५. बेरीज ठरलेली असली की दोन्ही संख्या समान असताना गुणाकार सर्वांत मोठा. ३२.५ चा चौरस, १०५६.२५. त्याच जाळीत सव्वासहा चौरस मीटर जास्त!

पण प्रत्येक अपुऱ्या भिंतीला हे लावू नका. चौरसाची बाजू म्हणजे जाळी आणि भिंत यांची बेरीज भागिले ४. ती भिंतीपेक्षा मोठी निघते ते भिंत जाळीच्या एक तृतीयांशाहून कमी असली तरच. भिंत ४० मीटर असेल तर बाजू ३५ येते, म्हणून पूर्ण भिंत वापरून थांबायचं: ४० बाय ३०, १२००. भिंत ५० किंवा जास्त असेल तर लांब भिंतीचं पहिलंच उत्तर, १२५०.

फाटकाचं आधीच सांगायला हवं होतं. फाटक वेगळं बसवणार असाल तर त्याची रुंदी सुरुवातीलाच मिळवा. ३ मीटरच्या फाटकाला सगळा हिशेब १०३ वरून.

सेंटीमीटरसाठी अडून बसू नका. लांब भिंतीच्या हिशेबात २५ ऐवजी २४ घेतले तरी १२४८ मिळतात. ३२.५ च्या चौरसात तर खांब अडीच मीटरवर नेमके बसतात: तीन पूर्ण बाजूंना प्रत्येकी १३ गाळे (दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक गाळा), भिंतीपुढच्या मागच्या तुकड्याला एक, एकूण ४० गाळे आणि ४१ खांब. खड्डे खणण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, ४५.९६ मीटर यायला हवेत.